पिल्लू नंतर, आधी आई दाखवा

पर्शियन मांजराचं पिल्लू घ्यायला निघालेल्या माझ्या नाशिककरांना खुलं पत्र

स.न.वि.वि.

मी सिडकोत पिग्मी, म्हणजे लोकांच्या रोजच्या बचतीचे पैसे, गोळा करते. रोज साठ-सत्तर दारांची बेल वाजवते, त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतंय ते न विचारता कळतं. गेली दोन वर्षं मात्र लोकच मला दारात थांबवून विचारतात, "ताई, तुमचं ते लांब केसांचं मांजर कुठून आणलंत हो? आमच्या पोरीच्या वाढदिवसाला एक हवंय. नंबर द्या ना." मी म्हणते, नंबर देते, पण आधी पाच मिनिटं बोलायचंय. तेवढी पाच मिनिटं कोणालाच नसतात, कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते. मग लोक परस्पर कुठून तरी पिल्लू आणतात आणि पंधरा दिवसांनी त्याच दारात मला विचारतात, "ताई, मांजरांचा डॉक्टर कोण चांगला?"

दारात उभ्याउभ्या सांगून होत नाही म्हणून बसून लिहिते आहे.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. ज्या घरात पिल्लाची आई बघायला मिळत नाही, तिथून पिल्लू घेऊ नका. कागद, लस, रंग, भाव हे सगळं त्याच्या मागून. खाण तशी माती असं आपण माणसांबद्दल बिनधास्त बोलतो, सोयरीक जुळवताना मुलीच्या आईकडे डोळे वटारून बघतो, आणि दहा-बारा वर्षं घरात राहणारा जीव आणताना मात्र तीस सेकंदांच्या व्हिडिओवर भागवतो. मीही तेच केलं होतं.

आमची पहिली बर्फी. मोबाइलवर व्हिडिओ बघून ठरवली. पांढरी, 'डॉल फेस, हेवी कोट, लिटर ट्रेन्ड, व्हॅक्सिनेटेड', नऊ हजार रुपये. दोन हजार आधी पाठवले. घरी येऊन बघू का विचारलं तर तो मुलगा म्हणाला, "कशाला त्रास ताई, मीच आणून देतो." मला तर बरंच वाटलं. रात्री आठ वाजता द्वारका चौकाच्या अलीकडे स्कूटरवर आला. पिल्लू चपलांच्या खोक्यात होतं, खोक्याला पेनाने पाडलेली भोकं. त्याने हेल्मेट काढलं नाही. मी आईबद्दल विचारलं. म्हणाला, "आई गावाला गेलीय."

मला वाटलं मी त्याच्या आईबद्दल विचारतेय असं त्याला वाटलं असेल. म्हणून पुन्हा विचारलं, पिल्लाची आई. तरी तेच. मांजराची आई गावाला गेली होती म्हणे! आज हसू येतं, तेव्हा मी उरलेले सात हजार मोजून दिले. पोरगी माझ्या मागे उभी होती, तिने खोकं छातीशी धरलं होतं. पोरीच्या हातातलं खोकं परत घेणारी आई मला अजून भेटायची आहे. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो पिल्लू आधी हातात देतो आणि पैशाचं नंतर बोलतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेली. सोबत दिलेल्या कार्डावर वय अडीच महिने, तिहेरी लस झालेली, रेबीजची लसही झालेली. डॉक्टरांनी कार्ड बाजूला ठेवलं आणि तिचं तोंड उघडून बघितलं. मागच्या दुधाच्या दाढा पुऱ्या आलेल्या नव्हत्या. डोळे अजून जन्मजात निळे. वजन ४८० ग्रॅम. ते म्हणाले, "हे पाच आठवड्यांचं आहे. रेबीजची लस तीन महिन्यांना देतात. यांनी हिला जन्मायच्या आधीच टोचली की काय?" कार्डावर शिक्का होता, पण डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नव्हता. लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर काढून कार्डावर चिकटवतात, तेही नव्हतं. नुसतं पेनाने लिहिलेलं. मी रोज पावत्या हाताळणारी बाई, आणि बोगस पावती ओळखता आली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने दूध सोडलं, मग उलट्या. रक्तात पांढऱ्या पेशी ८०० निघाल्या. मांजरात त्या कमीत कमी पाच-साडेपाच हजार तरी हव्यात. आजाराचं नाव पॅनल्यूकोपेनिया. कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या आजाराचा हा सख्खा भाऊबंद. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते दहा दिवस जातात, म्हणजे खोक्यात आली तेव्हाच ती बहुधा आजार घेऊन आली होती. सहाव्या दिवशी पहाटे गेली. दवाखान्याचं बिल ११,४०० रुपये. त्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "आमच्याकडून निघाली तेव्हा ठणठणीत होती," आणि त्यानंतर नंबर लागलाच नाही.

मी बरेच दिवस त्या मुलाला शिव्या दिल्या. मग माझ्या स्वभावाप्रमाणे हिशोब मांडला, आणि हा सगळा धंदा माझ्या डोक्यात शिरला. तो हिशोब तुम्हीही बघा.

पिल्लू जन्मल्यापासून चार-पाच आठवडे त्याचा खर्च त्याची आई करते. दूध तिचं, ऊब तिची, चाटूनपुसून स्वच्छ ठेवणं तिचं. माणसाला फक्त तिला नीट खायला घालायचं असतं. पाच आठवड्यांनंतर पिल्लू खायला लागतं, माती चिवडायला लागतं, पडदे चढायला लागतं. जंताचं औषध, लसीचा पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, हा सगळा खर्च पाचव्या ते तेराव्या आठवड्यात येतो. म्हणजे पिल्लू पाचव्या आठवड्यात विकलं तर सगळा खर्च वाचतो. शिवाय ते दिसायला सर्वांत गोड तेव्हाच असतं, डोळे मोठे, डोकं मोठं, चाल डुगडुगती. आणि पिल्लं लवकर तोडली की मांजरी लवकर पुन्हा माजावर येते. गर्भ नऊ आठवड्यांचा. मनात आणलं तर वर्षात दोन-तीन वेतं काढता येतात.

आता याच्या शेजारी शरीराचा हिशोब ठेवा. आईच्या दुधातून मिळालेलं रोगप्रतिकारक कवच साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ओसरतं. ते पुरतं ओसरेपर्यंत लसही नीट लागू पडत नाही, म्हणून तर डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. म्हणजे विकणाऱ्याला जे आठवडे सोयीचे, नेमके तेच पिल्लाच्या जिवाला सर्वांत धोक्याचे. त्याच दिवसांत ते दहा पिल्लांच्या पिंजऱ्यात, मग मध्यस्थाकडे, मग दुकानात, मग खोक्यात फिरतं. मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते असं आपल्याकडे म्हणतात. ती निदान स्वतःच्या तोंडात धरून नेते.

तेराव्या आठवड्याआधी पिल्लू देऊ नये हा मांजरं नोंदवणाऱ्या ब्रिटनमधल्या जुन्या संस्थेचा नियम आहे. गव्हर्निंग काउन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी, स्थापना १९१०. वाचलं तेव्हा मला तो साहेबी नखरा वाटला होता. हिशोब मांडल्यावर वाटेनासा झाला.

दुसऱ्या मांजराची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायचीय, कारण चांगलं काय असतं ते बघितल्याशिवाय वाईट ओळखू येत नाही.

देवळालीकडे एक बाई पर्शियन वाढवतात. ओळखीतून नंबर मिळाला. फोन केला तर भाव सांगण्याऐवजी त्यांनीच मला पंचवीस मिनिटं उलटतपासणीत धरलं. घर भाड्याचं की स्वतःचं? कितवा मजला? खिडक्यांना जाळी आहे? अकरा ते पाच घरात कोण असतं? रोज केस कोण विंचरणार, आणि पोरीची दहावी आली की कोण विंचरणार? आधी मांजर होतं का? कशाने गेलं? मी बर्फीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?" म्हटलं, तीन आठवडे. म्हणाल्या, "मग मी तुम्हाला पिल्लू देणार नाही."

त्या आजाराचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरतो, साध्या फिनाइलने मरत नाही. ब्लीच पाण्यात कालवून फरशी, कपाटांच्या खाचा, सगळं पुसा, बर्फीची भांडी-अंथरूण टाकून द्या, आठ महिन्यांनी फोन करा, असं म्हणून त्यांनी ठेवून दिला. मी चिडले होते. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला नाही म्हणतात म्हणजे काय! माझ्या धंद्यात असं करून चालेल का? पण आज कोणी विचारलं की चांगला ब्रीडर ओळखायचा कसा, तर मला तो 'देणार नाही'च पहिल्यांदा आठवतो.

आठ महिन्यांनी गेले. दारातच चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले, आज दुसऱ्या कोणाच्या मांजराला हात लावलाय का ते विचारलं. मग आई दाखवली. खरं सांगायचं तर मी निराश झाले. फोटोतली राजबिंडी मांजरी डोळ्यांसमोर होती, आणि समोर आली ती केस झडलेली, शेपटीची दोरी झालेली, पोट लोंबणारी बया. बाई हसल्या. "चार पोरं पाजतेय ती. तुम्ही बाळंतपणात कशा दिसत होतात?" पाजणाऱ्या लांबकेसी मांजरीचा कोट झडतोच. तेव्हा आई म्हणून जर कोणी गुबगुबीत, झुपकेदार, पिल्लांकडे ढुंकूनही न बघणारं मांजर पुढे केलं, तर शंका घ्या. ती नुसती दाखवायला ठेवलेली असू शकते.

पण तिची नजर बघा, वागणं बघा. ही आमच्याकडे आली, पोरीचा हात हुंगला, परत जाऊन पसरली. पिल्लं स्वयंपाकघराच्या बोळात वाढत होती. बाईंनी मुद्दाम मिक्सर लावला. चारही पिल्लं पळाली आणि मिनिटभरात परत आली. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात, घरातले आवाज यांची सवय झाली तर झाली. अंधाऱ्या खोलीत पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू पुढे पलंगाखालून बाहेर येत नाही, मग लोक म्हणतात, "पर्शियन माणूसघाणी असतात."

वजनांची वही होती. शाळेची दोनशे पानी, वर रोल नंबरची चौकट. रोज सकाळचं वजन, ग्रॅममध्ये. जन्मताना ९२, ९८, १०१, ८७. रोज दहा-पंधरा ग्रॅमची चढण, आणि जिथे चढण थांबली तिथे लाल पेनाने 'वरचं दूध'. अशी वही खोटी तयार करणं अवघड असतं, आणि इतका उपद्व्याप करण्यापेक्षा पिल्लं नीट वाढवणं सोपं पडेल.

मग एक फाइल. हे तुम्हाला कोणी दाखवत नसेल तर मागा. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याचे फोड होण्याचा आनुवंशिक आजार आहे, पीकेडी म्हणतात. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडे जरी असला तरी सरासरी निम्म्या पिल्लांत उतरतो. पिल्लू वर्षानुवर्षं छान दिसतं, आणि सहा-सात वर्षांचं झालं, पोरांना त्याच्याशिवाय झोप येईनाशी झाली, की मूत्रपिंडं निकामी व्हायला लागतात. त्याचं जनुक २००४ साली सापडलं, गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन तपासता येतं. दहा महिन्यांच्या पुढच्या मांजराची सोनोग्राफी करूनही बऱ्यापैकी खात्रीने कळतं. पिल्लाची सोनोग्राफी करून उपयोग नाही, आईबापांचं बघायचं. त्या बाईंकडे आईचा सोनोग्राफीचा कागद होता. बोका त्यांचा नव्हता, पुण्याच्या कोणाचा होता, त्याचीही झेरॉक्स होती. (घरी बोका का ठेवत नाही विचारलं तर म्हणाल्या, एकदा बोक्याने मुतलेला सोफा धुवून बघा, मग विचारा.)

शेवटी पोरीने, मी नव्हे हो, पोरीने विचारलं, "म्हाताऱ्या मांजरी कुठे आहेत?" मला सुचलं नसतं. बाईंनी सोफ्याकडे बोट दाखवलं. तिथे दोन जाडजूड आज्या पसरल्या होत्या, ऑपरेशन झालेल्या, एक अकरा वर्षांची. तीन वेतं झाली की त्या मांजरीचं ऑपरेशन करून घरातच ठेवतात. हा प्रश्न तुम्ही प्रत्येक ठिकाणी विचाराच. वर्षानुवर्षं पिल्लं विकणाऱ्याच्या घरात एकही म्हातारी मांजरी नसेल, तर त्या जातात कुठे?

सायीला (रंग दुधावरच्या सायीसारखा, म्हणून साय) तेरावा आठवडा संपल्यावर घरी आणलं. अठ्ठावीस हजार. साध्या कागदावर लिहून दिलं-घेतलं: सात दिवसांत आमच्या डॉक्टरांना काही आढळलं तर परत, आठव्या महिन्याच्या आत नसबंदी, आणि कधीही सांभाळणं जमेनासं झालं तर ती दुसऱ्या कोणाला न देता त्यांच्याकडेच आणायची. पाच हजारांच्या आगाऊ रकमेची पावती मिळाली.

"अठ्ठावीस हजार! मांजराला!" असं माझी सासू म्हणाली, तुम्हीही म्हणाल. बर्फीचे नऊ हजार आणि दवाखान्याचे अकरा हजार चारशे मिळवले तर वीस हजार चारशे होतात, आणि हातात काही उरलं नाही. तेवढे पैसे नसतील तर लाज कसली? खालच्या जिन्यात देशी मांजरीची पिल्लं असतात, आमच्या गच्चीवरची मनी त्यातलीच, तिच्यासारखी चपळ आणि निरोगी जात नाही. फक्त देशी आणि पर्शियनच्या मिश्र पिल्लाला 'प्युअर' म्हणून प्युअरचे पैसे देऊ नका.

आता चेहऱ्याबद्दल. बाजारात तीन शब्द चालतात: डॉल फेस, सेमी पंच, पंच. नाक जितकं बसकं तितका भाव चढा. पंच फेस म्हणजे ठोसा मारून आत घातल्यासारखं तोंड. नाव ठेवणाऱ्याने निदान खरं सांगितलंय. नाक आत गेलं की अश्रूंची वाट वाकडी होते, डोळे सतत गळतात, गालावर तपकिरी ओघळ पडतात, पापण्या आत वळून बुबुळाला घासतात, श्वास घोरत येतो. डोकं मोठं म्हणून बाळंतपणही अडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात, चाळीस अंशांत, हे मांजर धापा टाकत फरशीवर पालथं पडतं. नाकाचा वरचा काठ खालच्या पापणीच्या वर गेलेला असेल तर तो दोष, असं ब्रिटनमधली ती संस्थाही मानते. पिल्लू झोपलेलं असताना त्याच्याजवळ कान न्या. घोरत असेल तर त्याला क्यूट म्हणू नका.

गंमत म्हणजे मूळ पर्शियनला असं नाक नव्हतंच. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी इराणात फिरला, खुरासानच्या लांबकेसी मांजरांवर भाळला आणि त्यांच्याविषयी १६२० साली पत्रात लिहून ठेवलं. हाच गृहस्थ पुढे १६२३ मध्ये सुरतेला उतरून गोव्यातही आला होता. आजच्या पर्शियनच्या नाकावरचा ठोसा गेल्या शतकातल्या माणसाच्या आवडीचा आहे.

कान दुमडलेलं स्कॉटिश फोल्ड आता नाशिकमध्येही विकायला येतं, त्याबद्दल तीनच वाक्यं. १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या पर्थशायरमधल्या एका शेतावर सुझी नावाची मांजरी सापडली, तिच्यापासून ही जात निघाली, आणि ज्या दोषाने कान दुमडतात त्यानेच सगळ्या सांध्यांची कूर्चा बिघडते. नेदरलँड्समध्ये २०१४ पासून त्यांची पैदास बंद आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून नव्याने पाळण्यावरही बंदी आली आहे. या जातीत जबाबदार ब्रीडर शोधत बसू नका, घेऊच नका.

पूर्ण पांढरं आणि दोन्ही डोळे निळे असं पिल्लू असेल तर त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून बघा. अशी बरीच मांजरं बहिरी असतात. बहिरं मांजर घ्यायला हरकत नाही, पण कळून घ्या. मानेच्या, कानामागच्या केसांत बोटं फिरवून टक्कल, खवले बघा. पर्शियनमध्ये नायटा फार, आणि कधी कधी मांजरावर डाग दिसत नाही पण घरातल्या पोरांच्या दंडावर गोल चकदळ उमटतं.

कागदांचं. "केसीआय पेपर आहेत ताई," असं मांजराच्या बाबतीत कोणी म्हणालं तर हसून निघून या. केनेल क्लब ऑफ इंडिया कुत्र्यांची नोंदणी करतो. मांजरांची वंशावळ सीएफए, टिका, डब्ल्यूसीएफ अशा परदेशी संस्थांकडे नोंदवली जाते, तिच्यात तीन-चार पिढ्यांची नावं असतात. असेल तर पिल्लाच्या आईबापाचं नाव त्या कागदावरच्या नावाशी ताडून बघा. पण वंशावळीच्या कागदावरून कोणाचा जन्म कोणापासून एवढंच कळतं. पिल्लू कसल्या पिंजऱ्यात वाढलं, ते त्यात नसतं.

कायद्यावर विसंबून राहू नका. कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी केंद्राने २०१७ मध्ये नियम केले. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, दीड वर्षाच्या आतल्या कुत्रीची वीण नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. मांजरीची पैदास करणाऱ्यासाठी असं काहीच नाही. २०१८ चे दुकानांचे नियम मांजर विकणाऱ्या दुकानालाही लागू आहेत आणि ऑनलाइन विक्रीही त्यात येते, म्हणून दुकानात गेलात तर नोंदणीचं प्रमाणपत्र जरूर मागा. पण मांजरीने वर्षात किती वेळा व्यावं, याची मर्यादा कोणी घातलेली नाही. पुण्यात औंधला असलेल्या पशुसंवर्धन आयुक्तालयाला मी याबद्दल वेगळं पत्र लिहिलंय. त्याचं उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर द्वारका चौकात खोकं घ्यायचं की नाही, हे तुमच्या-माझ्यासारख्यांच्याच हातात आहे.

एक आणखी, कारण हे मला दर महिन्याला कोणी तरी ऐकवतं: "ताई, ते पिल्लू एवढं अशक्त होतं, बघवेना, म्हणून त्या माणसाकडून सोडवून आणलं." सोडवून नाही आणलंत, विकत आणलंत. त्या पैशांतून त्याच मांजरीचं पुढचं वेत निघतं. पिल्लू आजारी दिसलं, जागा घाणेरडी दिसली तर पैसे न देता बाहेर या आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. अवघड आहे, मला माहीत आहे. म्हणूनच सांगते, पहिल्या भेटीला पोरांना नेऊ नका आणि खिशात पैसेही नेऊ नका.

गेल्याच आठवड्यात पवननगरच्या एका घरी पुन्हा तेच. रंग ठरलेला, नाव ठरलेलं, अॅडव्हान्स पाठवायचा बाकी. मी तिथेच त्यांना फोन स्पीकरवर लावायला सांगितला आणि विचारलं, आईला बघायला कधी येऊ? पलीकडून उत्तर आलं, "आई आमच्या पार्टनरकडे आहे, पुण्याला." म्हटलं, चालेल, पुण्याला येतो, पत्ता द्या. फोन कट झाला. त्या घरातल्या आजोबांनी बाजूने पिग्मीचे शंभर रुपये पुढे केले आणि म्हणाले, "अॅडव्हान्स यातच जमा कर गं."

देवळालीच्या बाईंचा नंबर मी या पत्रात देत नाही, त्यांनी नको म्हटलंय. वर्षाला दोन-तीनच वेतं असतात आणि रांग लांब आहे. पण तुम्ही दुसरं कुठलं घर शोधलंत आणि बघायला जाताना सोबत कोणी हवं असेल तर मला दारात सांगा. रविवारी पिग्मी नसते.

आपली,
सायीची आई
सिडको, नाशिक